वीतभर उथळ झालेला खड्डा

सॅनिटोरियममधून घरी सोडताना डॉक्टर सगळं समजावून सांगतात. दूध किती प्यायचं, दुपारी किती वेळ पडून राहायचं, गोळ्या कधीपर्यंत घ्यायच्या, थुंकी कुठे टाकायची. एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. घरी गेल्यावर माणसाचा नुसता जळफळाट होतो, हे कोणी म्हणजे कोणी सांगत नाही.

आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर टी.बी.तून नुकत्याच उठलेल्या माणसांना हल्ली माझ्याकडे पाठवतो. ती येतात, ओट्यावर बसतात, भूक लागते म्हणतात, वजन वाढलं म्हणतात. चहा होतो. आणि निघताना चप्पल पायात सरकवत कोणीतरी हळूच विचारतं, ‘‘दादा, मले माह्या भावाचा लय राग येते. त्यानं तं काईच केलं नाई. मंग कायले येत असंल?’’ हे असं इतक्यांनी विचारलं की आता म्हटलं, एकदा लिहूनच टाकू. वाचता येत नसेल त्याला कोणीतरी वाचून दाखवेल.

माझं नाव तुळशीराम. गाव आंधळगाव. आमच्या घरात कोशाची, म्हणजे टसर रेशमाची लुगडी विणतात, करवतीच्या दातांसारख्या काठाची. मी सांगतोय ती गोष्ट पंच्याहत्तर सालच्या आगेमागेची. तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. मी, माझी बायको पार्बता, आमची पाच-सहा वर्षांची सुमन आणि माझा बाप. त्याला मी बा म्हणायचो.

तळहात

खोकला बरेच महिने होता. बा म्हणायचा, कोशाची धूळ आहे, गूळ खा. मी गूळ खाल्ला. ताप संध्याकाळी यायचा आणि सकाळी जायचा, म्हणून तो ताप आहे असं मी धरतच नव्हतो.

एके दिवशी मागावर बसलो असताना जोराची उबळ आली आणि तोंडावरचा हात बाजूला केला तर तळहातावर लाल. पहिली नजर माझी लुगड्यावर गेली. थेंब पडला असता तर अख्खं लुगडं वाया. पडला नव्हता. मला हायसं वाटलं, आणि त्यानंतर भीती वाटली.

भंडाऱ्याला डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, ‘‘घरात लहान मूल आहे का?’’ तेवढ्यावरून मी काय ते समजलो. बाहेर बाकावर बा बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि सांगितलं. तो उठला, आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

माझी आई मी लहान असताना खोकूनच गेली. मागाच्या पलीकडच्या खोलीत तिला ठेवली होती आणि तिचं सगळं बाने एकट्याने केलं होतं. हे मला ठाऊक होतं. तो का सरकला हेही कळत होतं. पण तो सरकला. त्या दिवसापासून बाने मला हात लावला नाही. बसमध्ये चढवताना नाही, सॅनिटोरियमच्या फाटकात सोडतानाही नाही.

वजनकाटा

सॅनिटोरियमबद्दल लोक उगाच घाबरतात. पहिल्या आठवड्यात माणूस रडतो, मग त्याला घंटांची सवय होते. सकाळी थर्मामीटर, मग सुई, मग औषधाच्या पुड्या. कडू म्हणावं तर कडू नाही, पण घशाखाली उतरता उतरत नाहीत. दुपारी बोलायचंसुद्धा नाही, पडून राहायचं. व्हरांड्यात खाटांची लांब रांग आणि समोर कडुनिंबाची झाडं. कोण खोकला हे न बघता सांगता येऊ लागलं, की समजायचं आपण जुने झालो.

माझ्या शेजारच्या खाटेवर लक्ष्मण होता, तुमसरच्या एका राईस मिलमधला हमाल. आडवा-उभा माणूस, पण आजाराने सोलून काढलेला. त्याची बायको यायची ती मुरमुऱ्यांचा चिवडा घेऊन, आणि तो आख्ख्या वॉर्डाला वाटायचा. रविवारी वजनं व्हायची. माझ्या मत्सराचा श्रीगणेशा त्या काट्यावर झाला. माझं वजन वाढलं नाही याचं मला जेवढं वाईट वाटायचं, त्याहून जास्त लक्ष्मणचं वाढलं याचं वाटायचं. मी दिवसभर तोंड फुगवून बसायचो.

‘‘माह्या वजनाचा हेवा करून राहिला का गा?’’ तो हसत म्हणायचा. ‘‘घे दोन किलो. मले काय, मी पोत्यानं उचलतो.’’

त्याचा फोटो सुधारला की मला जेवण जात नसे. कोणाला भेटायला माणसं आली की मी चादर डोक्यावरून ओढून घेई. पण सुट्टी मला आधी मिळाली, लक्ष्मणला नाही. मी ट्रंक भरत होतो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. रोज बडबडणारा माणूस, पण एक अक्षर बोलला नाही. जाताना मी त्याच्या खांद्याला हात लावला. मनात मात्र म्हटलं, चला, कोणीतरी आपलाही हेवा केला. मला ते फार आवडलं, खोटं कशाला सांगू.

पार्बता मधून मधून भेटायला यायची. दूर स्टुलावर बसायची, पदर नाकाशी धरून, आणि सुमनचं काहीबाही सांगायची. बा कधी आला नाही. त्याला ती मामाजी म्हणायची. ‘‘मामाजीले दिसत नाई आता बरोबर,’’ ती सांगायची, ‘‘मोतीबिंदू वाढला.’’ मागाचं विचारलं की म्हणायची, ‘‘माग चालू हाय. तुमी त्याची फिकीर नोका करू.’’ बा कसाबसा रेटत असेल, असं मी धरून चाललो.

गल्लीतून आलेला आवाज

वरठीला गाडीतून उतरलो तिथपासूनच मला प्रत्येक माणूस डोळ्यांत खुपायला लागला. फलाटावर चहावाला एका दमात ओरडत होता. एक म्हातारा बिडी ओढत होता आणि बिनधास्त कुठेही थुंकत होता. एक जण सायकलवर भाजीची टोपली बांधून चढ चढत होता, वर गाणं म्हणत. मी मनात म्हटलं, याला छाती कोणी दिली, आणि माझीच का काढून घेतली? सव्वा वर्ष मी आजाऱ्यांमध्ये राहिलो होतो. तिथे सगळे माझ्यासारखे. इथे मी एकटा तसा आणि बाकी सगळे धडधाकट.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि मागाचा आवाज ऐकू आला. आमच्याच घरातून. बाचा हात मी झोपेतही ओळखला असता. बा हत्या, म्हणजे धागा ठोकून बसवायची फळी, दोनदा मारायचा, एक ठोका हलका, एक जड, आणि मध्ये जरा थांबायचा. हा ठोका तसला नव्हता. एकच, सारखा, न थांबता चाललेला. म्हणजे कोणीतरी परका विणकर बसवलाय, मी समजलो. माझ्या जागेवर, माझ्या घरात, दुसरा गडी. अंगाचा असा तिळपापड झाला की ट्रंक तिथेच आपटली आणि तरातरा आत गेलो.

मागावर पार्बता बसली होती.

ज्यांना आमच्या धंद्याची माहिती नाही त्यांना यात विशेष ते काय, असं वाटेल. आमच्यात बायका कोशाचं सूत काढतात, कांड्या भरतात, ताण्याला खळ लावतात. पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो तो गडी. आमच्या आख्ख्या गल्लीत एकही बाई मागावर बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. माझी आई नाही, आजी नाही.

मला बघून ती लगबगीने उठली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. ‘‘या,’’ म्हणाली, ‘‘सुमन, बाबा आले बघ.’’ सुमन बाच्या मागे लपली. बा भिंतीला टेकून बसला होता. त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली. ‘‘आला का,’’ म्हणाला. जागचा उठला नाही.

पार्बताने मला लोट्यात पाणी दिलं. लोट्याच्या गळ्याला निळा धागा बांधलेला होता. ताटलीच्या काठाला भोक पाडून त्यातही तसाच धागा. माझी भांडी वेगळी ओळखू यावीत म्हणून. आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं तसं, तिची काही चूक नव्हती. ते पाणी मात्र मला गोड लागलं नाही.

पाय टेकू दे

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्बता पाण्याला गेली होती. मी मागाजवळ गेलो, काठावर बसलो आणि खड्ड्यात पाय सोडले. गुडघे वर तुरीला जाऊन आदळले. तूर म्हणजे विणलेलं कापड गुंडाळायचं लाकूड, ते पोटाशी असतं. वीस वर्षं मी त्या खड्ड्यात बसलो, कधी गुडघा लागला नाही. वाकून पाहिलं तर खड्ड्याचा तळ वर आलेला. खाली विटा बसवलेल्या, वर माती चोपून, शेणाने सारवून अगदी गुळगुळीत केलेलं. खड्डा वीतभर उथळ झाला होता.

तुम्हाला हे हसू येण्यासारखं वाटेल. मला का झोंबलं ते सांगतो. मी लहान असताना मागावर बसायला जीव टाकायचो. बाचा एकच नियम होता. ‘‘पाय टेकू दे. मंग ये.’’ माझे पाय तळाशी पायाने दाबायच्या पावड्यांपर्यंत पोचत नव्हते, लटकायचे. प्रत्येक दिवाळीला नवे कपडे घालून मी आधी खड्ड्यात पाय सोडून पाहायचो. अंगठा ताणला तरी पोचायचा नाही. रडलो, पाया पडलो, खाली एक पाट ठेव म्हणालो. ‘‘खड्डा तुह्यासाठी वर येत नसते,’’ बा म्हणायचा. दोन दिवाळ्या मी पाय वाढायची वाट पाहिली.

आणि सुनेसाठी खड्डा वर आला होता.

पार्बता आली तसं मी विचारलं, ‘‘खड्डा कोणं भरला?’’

‘‘मामाजीनं,’’ घागर उतरवत ती म्हणाली. ‘‘माह्ये पाय पोचत नोयते ना. त्यायले दिसत नाई, तरी चाचपून चाचपून विटा बसवल्या. शिकवलंबी त्यायनंच. माह्या हातावर हात ठेवून.’’

हातावर हात ठेवून. तिने सहज सांगितलं, आणि मला जे लागलं ते मी कोणत्या डॉक्टरला दाखवणार होतो?

कांड्या

डॉक्टरांनी पुढचा फोटो निघेपर्यंत मला मागावर बसायला बंदी घातली होती. मग मी काय करायचं? कांड्या भरायच्या. धोट्यात घालायच्या त्या लहान कांड्यांवर रहाटाने सूत भरायचं. आमच्याकडे हे काम पोरी आणि म्हाताऱ्या करतात. तो रहाट घेऊन मी ओट्यावर बसायचो, कारण मला मोकळी हवा पाहिजे होती, आणि येणारा-जाणारा बघायचा.

‘‘काय तुळशीरामभाऊ, कांड्या भरून राहिले का?’’

‘‘नाई, पतंग उडवून राहिलो,’’ मी म्हणायचो. माणूस गप जायचा. गल्लीच्या वळणावर गेला की हसायचा.

भंडाऱ्याचे शेटजी माल न्यायला आले. पूर्वी ते येताच मला हाक मारायचे. आता ओट्यावरून मला ‘‘आराम कर, आराम कर’’ म्हणत थेट आत गेले आणि लुगडं उजेडात धरून उभे राहिले. ‘‘वा. करवतीचे दात पाहा कसे एकासारखे एक.’’ बा भिंतीजवळून म्हणाला, ‘‘तिचा हात सरळ हाय.’’

माझ्या आयुष्यात बाने माझ्या हाताबद्दल जे काही म्हटलं ते एवढंच, की ‘‘तुह्या हातात झोल हाय.’’ शेटजी गेल्यावर मी ज्या कांड्या भरल्या त्या मुद्दाम सैल भरल्या. सैल कांडी धोट्यात अडकते, सूत तुटतं. आतून मागाचा ठोका थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा थांबायचा. मला बरं वाटायचं. पार्बता बाहेर आली, टोपली उचलली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्या कांड्या पुन्हा भरून घेतल्या. बोलली असती तर भांडता आलं असतं.

सुमन तर आता माझी राहिलीच नव्हती. ती खड्ड्याच्या काठावर आईला चिकटून बसायची आणि धोटे हातात द्यायची. आधी ती माझ्या काठावर बसायची. एकदा धावत बाहेर आली, तहान लागली म्हणून माझा धाग्याचा लोटा उचलून घटाघटा पाणी प्यायली आणि परत आत पळाली. मी ओरडणार होतो. मग बघितलं, कोणी पाहिलं नव्हतं. लोटा घासला, भरून ठेवला. डॉक्टर म्हणाले होते माझ्यापासून आता धोका नाही, तेवढ्या भरवशावर मी गप्प राहिलो. त्या दिवशी सगळ्या कांड्या मी घट्ट भरल्या.

चार बोटं

आमच्या धंद्यातली एक गोष्ट पाळायचीच असते. एकदा लुगडं सुरू केलं की ते उतरेपर्यंत दुसऱ्याने त्यावर हात टाकायचा नाही. प्रत्येकाचा ठोका वेगळा, कोणाचा दाट, कोणाचा विरळ. मध्येच हात बदलला तर तिथे पट्टा दिसतो, आणि तो धुतल्याने जात नाही.

हे मला अ आ इ ई शिकण्याआधीपासून माहीत होतं. तरी एका बाजाराच्या दिवशी पार्बता सुमनला घेऊन मोहाडीला गेली, बा काठी टेकत देवळाकडे गेला, आणि मी सब्बल घेऊन खड्ड्यात उतरलो. माती उकरली, विटा काढल्या, एकेक करून अंगणात नेऊन टाकल्या. तेवढ्यानेच मला दरदरून घाम फुटला. मग हातपाय धुऊन मागावर बसलो. पाय टेकले. गुडघे कुठे लागले नाहीत.

तो आनंद मी लिहू शकत नाही. पार्बताचं साकोलीच्या लग्नघरचं लुगडं चढलेलं होतं, लाल काठाचं. मी पावडी दाबली, धोटा टाकला, हत्या ओढला. ठोका बसला. पुन्हा बसला. बोटभर विणलं, दोन बोटं विणलं, सगळं आठवत होतं हातांना. मग छातीत जाळ उठला. थांबलो, वारा घेतला, पुन्हा ओढलं. खोकला आला. थांबलो. पुन्हा ओढलं. चार बोटं झाली आणि हात वर उचलेना. मी तसाच तुरीवर डोकं ठेवून बसलो.

बा आधी आला. काठीला अंगणातल्या विटा लागल्या. तो उभा राहिला, काठीने एकेक वीट चाचपली, मग आत आला. मी उठून बाजूला झालो. त्याने लुगड्यावर अंगठा ठेवला आणि हळूहळू सरकवत आणला. एका जागी थांबला.

‘‘इथून तू,’’ म्हणाला. अंगठा पुढे सरकला. ‘‘इथवर बरा हायेस.’’ अजून थोडा. ‘‘इथी दम लागला.’’ आणखी पुढे. ‘‘इथी खोकलला. इथी ताकदच नाई राहिली.’’

छातीच्या फोटोत डॉक्टरांना दिसत होतं ते त्याला त्या चार बोटांत लागलं. पण माझ्यापासून दोन हात लांब उभं राहून.

पार्बता आली ती विटा पाहूनच समजली. पिशवी खाली ठेवली, आत आली, लुगडं बघितलं. ती आजवर माझ्यावर कधी ओरडली नव्हती.

‘‘मले हौस होती का मागावर बसाची? सांगा ना! बाया हासत होत्या मले. विहिरीवर जागा देत नोयत्या. पाय सुजाचे, रातभर पोटऱ्या ओढाच्या. तुमी परत नसते आले, तं ह्याच मागावर मले सुमनले पोसा लागलं असतं! मामाजीले समजत होतं ते. म्हणून त्यायनं खड्डा भरला. तुमचं हिसकून नाई घेतलं कोणं!’’

मी ऐकलं, आणि जे ऐकलं त्यातलं एकच मनात राहिलं. आजवर मला वाटत होतं, बाने तिच्यावर माझ्याहून जास्त माया केली. तसं नव्हतं. मी परत येणार नाही असं धरून त्याने विटा बसवल्या होत्या.

‘‘म्हणजे बानं मले मेला समजला?’’ मी म्हणालो.

  बा अंगणात गेला, चाचपडत एक वीट उचलली, आत आणली, खड्ड्यात उतरून खाली बसवली. मग दुसरी. मी बघत राहिलो. सगळ्या विटा परत बसल्या. पार्बताने माझी चार बोटं एकेक धागा करून उसवून काढली.

दुसरा फोटो

त्यानंतर मी बाशी बोलणं टाकलं. तो ओट्यावर आला की मी रहाट उचलून अंगणात जाई. कांड्या मात्र घट्ट भरत होतो, कारण पार्बताच्या सुजलेल्या पोटऱ्या आता मला दिसायला लागल्या होत्या. त्या आधीही दिसल्या असत्या, पण मी तिच्या हातांकडेच बघत होतो. हेवा गेला असं समजू नका. शेटजी आले की अजून पोटात दुखायचंच. फक्त आता मी त्यांच्यासमोर उठून उभा राहायचो आणि म्हणायचो, ‘‘सूत मी भरलं हाय.’’

थंडी संपताना भंडाऱ्याला पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीत धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, बसा मागावर. रोज थोडं थोडं, दम लागला की थांबायचं.

बसमधून उतरून घरी आलो. बा ओट्यावर बसला होता. मी त्याच्या अंगावरून आत गेलो आणि पार्बताला सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं. ती चुलीजवळ होती, हातातला चिमटा खाली ठेवून रडायला लागली. बाहेर काठीचा आवाज झाला.

बा आत आला. पार्बताच्या मागाशेजारी भिंतीकडे मोकळी जागा होती, तिथे जाऊन त्याने काठीने जमीन ठोकली. माझ्या काकाचा सुटा करून ठेवलेला माग माळ्यावर पडून होता, त्याच्याकडे काठी उंचावली. मग म्हणाला, ‘‘तुळशा. इथी ये.’’

मी गेलो नाही. किती महिन्यांनी त्याने मला हाक मारली होती.

‘‘खाटेवर बस. पाय सोड खाली.’’

पार्बताने मला डोळ्यांनी खुणावलं. मी बसलो. बा समोर जमिनीवर बसला. त्याने कमरेच्या बटव्यातून कोशाचा धागा काढला. आणि त्याला दिसत नव्हतं, म्हणून त्याने हात पुढे केला.

त्याचा तळवा माझ्या गुडघ्यावर आला. तिथे जरा थांबला. मग नडगीवरून खाली सरकत गेला, पोटरी धरली, घोटा धरला, टाचेशी पोचला. खरबरीत हात, विणकराचा. भंडाऱ्याच्या त्या बाकानंतर तो मला पहिल्यांदा लागत होता.

‘‘बारीक झाले गा पाय,’’ तो म्हणाला.

 त्याने धागा गुडघ्यापासून टाचेपर्यंत ताणला, गाठ मारली, पुन्हा ताणून बघितला. हात घोट्यावरून काढला नाही.

‘‘खोल खोदा लागंल,’’ म्हणाला. ‘‘तुह्ये पाय लांब हायेत. वीस वर्षं बसाचं म्हटलं तं बरोबर पायजे.’’

वीस वर्षं, असं म्हणाला तो.

पार्बता कांड्यांची टोपली कमरेवर घेऊन दारात उभी होती. तिने डोळे पुसले होते. ती धाग्याच्या गाठीकडे बघत होती.

‘‘मामाजी,’’ ती म्हणाली, ‘‘माह्यं माप तं नोयतं घेतलं तुमी. नुसत्या अंदाजानंच विटा टाकल्या.’’

हसतच म्हणाली. पण त्या हसण्याखालचा सूर मी ओळखला. घरी आल्यापासून तो माझ्याच गळ्यात तर बसला होता.

मापाला एक पाय पुरतो. बाची गाठ मारून झाली होती. तरी मी दुसरा पायही त्याच्या हातापुढे केला.